मंगळावरील वादळ आणि खांडक्याचा वारा

रिडले स्कॉट यांच्या 'द मार्शियन' (२०१५) या चित्रपटात ज्या वादळामुळे नायक मंगळावर एकाकी पडतो, ते वादळच विज्ञानाच्या दरबारात टिकत नाही. वाऱ्याचा रेटा हवेच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मंगळावरील हवेची घनता पृथ्वीवरील घनतेच्या सुमारे साठाव्या हिश्शाइतकीच असल्याने, तेथील ताशी १६० किलोमीटरचा झंझावातही अहिल्यानगरजवळच्या खांडके येथील पवनचक्क्यांना संथपणे फिरविणाऱ्या ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्याइतकाच भासेल, आणि चित्रपटातल्याप्रमाणे अग्निबाण उलथविणे त्याच्या आवाक्याबाहेरचे ठरेल. मूळ कादंबरीकार अँडी वीअर यांनीही ही सवलत कथानकासाठी जाणूनबुजून घेतल्याचे कबूल केले आहे.

तथापि, ज्या अहिल्यानगर जिल्ह्यात अवर्षणाशी झुंजत हिवरे बाजारसारख्या गावाने पाणलोटाच्या कामातून आपले शिवार हिरवे केले, तेथील प्रेक्षकास, पाण्याची तजवीज स्वतः करून परग्रहावर बटाट्याचे पीक उभे करणाऱ्या या माणसाची जिद्द मुळीच परकी वाटणार नाही. म्हणून वादळाचे ते एक गृहीतक क्षम्य मानून पुढील तर्कशुद्ध प्रयत्नांचा मनःपूर्वक आस्वाद घ्यावा, आणि चित्रपट संपल्यावर वाऱ्याच्या रेट्याचे हे गणित मुलांना अवश्य मांडून दाखवावे.