संकेताच्या विलंबातून बाष्पमापन

पश्चिमेकडील मलनाड आणि पूर्वेकडील कोरडे मैदान यांच्या सीमेवर वसलेल्या हुबळी-धारवाड परिसरात वळवाच्या पावसाआधी हवेत किती बाष्प साठले आहे, हे कळणे शेतीसाठी मोलाचे असते. परंतु ते मोजणारे रेडिओसाँडचे फुगे पणजी, मंगळूर, बेंगळूरु अशा मोजक्या ठिकाणांहून आणि दिवसातून एकदा-दोनदाच सोडले जातात. ही उणीव दिशादर्शन उपग्रहांच्या संकेतांनी भरून काढता येते.

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील जीपीएस उपग्रहाचा संकेत हवेतून येताना किंचित मंदावतो आणि त्यामुळे उपग्रह आहे त्याहून दूर भासतो. आयनांबरातील विलंब वारंवारतेनुसार बदलत असल्याने दोन वारंवारता वापरून तो वजा करता येतो. खालच्या वातावरणातील विलंब मात्र दोन्हींवर सारखाच असतो, म्हणून तो अज्ञात राशी मानून सोडवावा लागतो. यासाठी अँटेना भक्कम खांबावर कायमची बसवतात आणि तिच्याभोवतीची धातूची समकेंद्री कडी जमिनीवरून परावर्तित झालेले संकेत थोपवतात. क्षितिजापासून दहा अंशांवरील उपग्रहाचा संकेत डोक्यावरील संकेताच्या साडेपाचपट विलंबाने येतो, आणि या फरकामुळेच अँटेनाच्या उंचीतील चूक व हवेचा परिणाम एकमेकांपासून निराळे ओळखता येतात.

समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरील धारवाडात हवेचा दाब साधारण ९३५ हेक्टोपास्कल धरला, तर कोरड्या हवेचा उभा विलंब २.१३ मीटर येतो. उदाहरणादाखल, पावसाळ्यात एकूण विलंब २.४३ मीटर निघाला, तर उरलेले ३० सेंटिमीटर बाष्पाचे होत. एक मिलिमीटर पाण्यामागे सुमारे सव्वासहा मिलिमीटर विलंब या हिशेबाने डोक्यावरच्या हवेत ४८ मिलिमीटर पाणी ठरते. मायकेल बेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या या पद्धतीचे खरे सौंदर्य असे की, भूमापकाला जी त्रुटी वाटते तीच हवामानशास्त्रज्ञाला हवी असते.

भारतीय सर्वेक्षण विभागाने कर्नाटक व महाराष्ट्रात अखंड नोंद घेणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले असून स्वामित्व योजनेतील गावठाण-मोजणीला त्याचा आधार मिळतो. अशा केंद्राशेजारी चांगला वायुदाबमापक असणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण दाबात एका हेक्टोपास्कलची चूक झाली, तरी पाण्याच्या आकड्यात सुमारे एक-तृतीयांश मिलिमीटरचा फरक पडतो.