आगीचा जिन : इफ्रीत

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाला अरबी कथांचा साज चढवणारा 'अल-कादिम' हा संच टीएसआर कंपनीने १९९२मध्ये आणला. रचनाकार जेफ ग्रब. त्यातल्या झखारा या भूमीत जिनांची मुख्य कुळं चार : वाऱ्याचे जिन, मातीचे दाओ, पाण्याचे मरीद आणि आगीचे इफ्रीत. ताकदीत मरीद वरचढ, पण धास्ती इफ्रीतांचीच. अग्निलोकातल्या पितळी नगरीत त्यांचा सुलतान राहतो. खेळाच्या जुन्या नियमांनुसार इफ्रीताला फार तर १००१ दिवस राबवता येतं (हा आकडा कुठून आला, ते सांगायला नकोच!), नाहीतर तीन इच्छा मागायच्या. पण तो मागणीचा नेमका उलटा अर्थ काढतो. तेव्हा त्याच्याशी बोलताना करारनाम्याचीच भाषा वापरा.