पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षा : वजा गुणांचा हिशेब

एम.बी.बी.एस. झाले की शिक्षण संपले, असे आपल्या घरांतून समजले जाते. परंतु एम.डी., एम.एस. व्हावयाचे तर नीट-पीजी ही परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा अभ्यास बहुधा इंटर्नशिपच्या रात्रपाळ्या सांभाळूनच होतो. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. वैद्यकातले आम्ही काय सांगणार? पण जमा-खर्च आमच्या रोजच्या कामाचा, म्हणून तेवढेच सांगतो.

या परीक्षेत २०० प्रश्न असतात, प्रत्येकाला चार पर्याय. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकल्यास १ गुण वजा, कोरे सोडल्यास शून्य. वजा गुणांच्या धास्तीने पुष्कळ विद्यार्थी अर्धवट आठवणारे प्रश्न सोडून देतात. आता हिशेब पाहा. अजिबात न येणाऱ्या चार प्रश्नांची उत्तरे अंदाजाने दिली, तर सरासरीने एक बरोबर येईल. ४ जमा, ३ वजा, शिल्लक १. एक पर्याय खात्रीने खोडता आला, तर अशा तीन प्रश्नांत शिल्लक २. म्हणजे कोरा प्रश्न हा तोट्याचाच व्यवहार! अर्थात सरासरी म्हणजे हमी नव्हे.

२०२४ पासून प्रश्नपत्रिकेचे ४०-४० प्रश्नांचे पाच भाग केले आहेत, प्रत्येकास ४२ मिनिटे. वेळ संपली की तो भाग बंद. मागे फिरता येत नाही. तेव्हा घरी सराव करतानाही घड्याळ समोर ठेवून ४० प्रश्न एका बैठकीत सोडवावेत, आणि घरच्यांनी तेवढी ४२ मिनिटे त्यांना हाक मारू नये.