गोदाकाठाने सायकलवर नांदूरमध्यमेश्वर : पक्षी का येतात, जाताना काय पाळावे?

निफाड : थंडी पडली की नांदूरमध्यमेश्वरला गाड्यांची रीघ लागते. पण सायखेड्याहून करंजगावकडून चापडगावला सायकलवर निवांत जाण्यात वेगळीच मजा आहे. वाट सपाट, दोन्हीकडे ऊस नि द्राक्षबागा. शिवाय सायकलीचा आवाज नाही, त्यामुळे पक्षी उडत नाहीत.

पक्षी इथेच का? गोदावरी-कादवा संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला. पाणी थांबलं, गाळ बसला, उथळ पाणथळ तयार झाली. पाणवनस्पती, किडे, मासे वाढले. पक्ष्यांना आयतं खाद्य मिळालं. 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून हे जाहीर झालं. चित्रबलाक, जांभळी पाणकोंबडी, वारकरी, चक्रवाक इथे दिसतात.

मात्र हा बंधारा आधी शेतीचा आहे. गोदावरीचे डावे-उजवे कालवे इथूनच निघतात. दारणा, गंगापूरचं पाणी आलं की पातळी चढते, आवर्तन सुटलं की उतरते. पाणी फार खोल झालं तर चिखलात चरणारे पक्षी दुसरीकडे सरकतात. म्हणून कालचे पक्षी आज त्याच जागी दिसतीलच असं नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उजाडल्यावरच निघा, उसात बिबट्याचा वावर असतो, अंधारात एकट्याने जाऊ नका. पंक्चरचं सामान नि पाणी जवळ ठेवा. कोणाच्या बांधावरून सायकल घालू नका. प्लॅस्टिक परत आणा, कारण पाणी पुढे आपल्याच शेतात जातं.