देणारा आधी मागत नाही

मंडळी, कर्ज आपल्याला नवे नाही. पेरणी आली, दुखणे आले, लेकीचे लग्न ठरले, की पैसा लागतो. घरात नसला तर कोणाकडून तरी घ्यावा लागतो. कर्ज काढणे हे काही पाप नव्हे. पण कर्ज देतो असे सांगून कोणी आपल्यालाच लुबाडू नये. हे कसे ओळखावे, ते आज आपण पाहू.

समजा, एक शेतकरी आहे. दोन वर्षे पावसाने दगा दिला. बँकेचे पीककर्ज थकले. यंदा विहिरीवरची मोटार जळाली. तो बँकेत गेला. साहेबांनी संगणकात पाहिले आणि म्हणाले, "बाबा, तुमची मागची बाकी आहे. सिबिल खाली गेलंय. नवीन कर्ज बसत नाही."

तो हिरमुसून घरी आला. तिसऱ्या दिवशी मोबाईल वाजला.

"काका, तुमचं दोन लाखांचं लोन मंजूर झालंय. सिबिल बघणार नाही. जामीनदार नको. फक्त आधारकार्डाचा फोटो पाठवा."

त्याने फोटो पाठवला. लगेच मोबाईलवर पत्र आले. वर शिक्का, खाली सही. मग पुन्हा फोन. "काका, फाईलचे अडीच हजार भरा." त्याने भरले. दुसऱ्या दिवशी, "विम्याचे साडेचार हजार भरा. कर्जाबरोबर परत मिळतील." त्याने शेळी विकली आणि भरले. तिसऱ्या दिवशी, "जीएसटीचे नऊ हजार राहिलेत. आज भरले नाहीत तर फाईल रद्द. आधीचे पैसेही बुडतील."

आता तो बायकोचे डोरले मागू लागला. ती साक्षरतेच्या वर्गाला जात होती. ती म्हणाली, "आधी ते पत्र दावा बघू." तिने एकेक अक्षर लावून पत्र वाचले. मग म्हणाली, "अहो, ह्यात बँकेचं नाव हाय, पण शाखा कुठली, पत्ता कुठला, काहीच न्हाई. आन् ज्याला दोन लाख द्यायचेत, तो आपल्याकडं नऊ हजार का मागतोय? त्यातनंच कापून घ्या म्हणावं की!"

त्याने तसेच सांगितले. फोनवरचा माणूस आधी गोड बोलला, मग दरडावू लागला, मग त्याने फोन ठेवला. पुन्हा तो नंबर लागला नाही. सात हजार गेले. डोरले मात्र वाचले.

ही गोष्ट आम्ही समजुतीसाठी रचली आहे. पण अशी फसवणूक खरोखर होते, आणि अशाच पायऱ्यांनी होते. आधी थोडे, मग जास्त. आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो.

हे लोक अडलेल्यालाच कसे गाठतात? ते गळ सगळीकडे टाकतात. ज्याची पत चांगली, तो बँकेत जातो. ज्याला बँकेने परत पाठवले, तोच गळाला लागतो. शिवाय त्याला लाज वाटते. तो कोणाला विचारत नाही. ठकाला हेच हवे असते.

आता हे सिबिल म्हणजे काय? सिबिल म्हणजे आपल्या पतीचा हिशेब. आपण कर्ज कधी घेतले, हप्ते वेळेवर भरले की नाही, याची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आपल्या देशात आहेत. सिबिल ही त्यांतली एक. म्हणून लोक या हिशेबालाच सिबिल म्हणतात. ३०० पासून ९०० पर्यंत गुण असतात. हप्ते चुकले की गुण उतरतात. हप्ते नेमाने भरले की ते हळूहळू चढतात.

"पाच हजार द्या, सिबिल सुधारून देतो," असे कोणी म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. खरी नोंद पैसे देऊन कोणालाही पुसता येत नाही. नोंद चुकीची असेल, तर ती दुरुस्त करून मागण्याचा आपला हक्क आहे. त्याला पैसे पडत नाहीत. आपला हिशेब वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो. कर्ज फिटले की बँकेकडून बेबाकीचा दाखला घ्यावा आणि जपून ठेवावा.

ठकाला ओळखायच्या खुणा अशा:

कर्ज हाती पडण्याआधी तो पैसे मागतो. बँकासुद्धा कागदपत्रांचा खर्च घेतात. पण तो लिहून देतात, त्याची पावती देतात, आणि पुष्कळदा कर्जाच्या रकमेतूनच वळता करतात. कोणा माणसाच्या मोबाईल नंबरवर पैसे पाठवा, असे खरी बँक सांगत नाही.

तो घाई करतो. "आजच, आत्ताच" म्हणतो. खरे कर्ज उद्याही मिळते.

तो सरकारी योजनेचे नाव सांगतो. मुद्रा योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्या नावाने खोटी मंजुरीपत्रे लोकांना पाठवली गेली आहेत. मुद्रा ही संस्था आपल्याला थेट कर्ज देत नाही. ते कर्ज बँका आणि त्यांच्यासारख्या मान्य संस्थांमार्फत मिळते. मध्ये दलाल लागत नाही.

तो मोबाईलवर अॅप घ्यायला लावतो. काही खोटी अॅप आपल्या फोनमधले फोटो आणि ओळखीच्यांचे नंबर चोरतात, आणि मग बदनामीची धमकी देतात. कर्ज देणाऱ्या अॅपने फोटो आणि नंबरांची यादी बघू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. त्यांनी कर्जरोखे हिसकावून घेतले आणि जाळले. हा उठाव पुढे पुष्कळ गावांत पसरला. त्या काळी कित्येकांना रोख्यावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. सावकार म्हणे, "लाव अंगठा," आणि शेतकरी अंगठा लावी. आज मोबाईलवर येणारा ओटीपी आणि आपला पिन हाच आपला अंगठा आहे. तो कोणाला देऊ नका. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पैसे पाठवायला पिन लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. "पैसे जमा करतो, पिन टाका," असे कोणी म्हणाला, तर तो तुमचे पैसे काढून नेतो आहे असे समजा.

मग अडलेल्याने करावे काय? आधी ज्या बँकेची बाकी आहे तिथेच जावे. पीक बुडाल्याचे सांगावे. हप्ते वाढवून किंवा मुदत पुढे नेऊन मिळेल का, ते विचारावे. गावची सोसायटी आणि बायकांचा बचत गट यांना विचारावे. सावकाराकडे जायची वेळ आलीच, तर त्याचा परवाना बघावा. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. त्याची तक्रार तालुक्याच्या सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते.

आणि फसलोच तर? लपवू नका. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. आपल्या बँकेलाही कळवा. जितकी घाई कराल, तितका पैसा मध्येच अडवला जाण्याचा संभव जास्त. कोणत्या नंबरवर, किती तारखेला, किती पैसे पाठवले ते लिहून ठेवा. आलेले संदेश पुसू नका. मग पोलीस ठाण्यात जा. पुढे "बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा" असे सांगणारा कोणी भेटला, तर तोही त्याच माळेतला मणी समजा.

मंडळी, पत गेली म्हणून अक्कल गेली असे होत नाही. लाज फसवणाऱ्याला वाटावी, फसलेल्याला नव्हे. आलेले पत्र घरात मोठ्याने वाचा. शेजाऱ्याला दाखवा. बँकेत नेऊन विचारा. आणि त्या बाईने विचारले तेच विचारा: ज्याला द्यायचे आहे, तो आधी मागतो कशाला?