भिंतीवरचं बटण चालूच राहू द्या

मी डोंबिवलीत वायरमनचं काम करतो. हल्ली मोबाइलवर चालणाऱ्या दिव्यांबद्दल विचारणारे बरेच भेटतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला: बिल किती कमी होईल? बिल कमी केलं ते साध्या एलईडीने. 60 वॅटच्या जुन्या बल्बचं काम 9 वॅटमध्ये भागतं. 2015 साली उजाला योजना आली आणि हे दिवे घराघरांत पोचले. वायफायचा बल्ब विझलेला दिसला तरी आत जागा असतो. त्यापायी अर्धा वॅट जरी धरला, तरी महिन्याला 0.36 युनिट जातं. तोच 9 वॅटचा दिवा रोज चार तास लावला, तर महिन्याला 1.08 युनिट लागतं. म्हणून घरभर असे बल्ब लावायला मी सरळ नको म्हणतो.

गुडघ्यांनी हैराण झालेल्या एका आजींच्या घरी मात्र मी आग्रहाने लावला. रात्री बाथरूमला उठलं की त्या अंधारात भिंत चाचपत जायच्या. आता दहा वाजले की पॅसेजमधला दिवा आपोआप मंद, पिवळसर होतो. भिंत फोडली नाही, वायर ओढली नाही, नुसता बल्ब बदलला. त्यांच्या सुनेला दोनदा बजावलं, भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. वीजच तुटली तर फोन काय करणार? बटणावर चिकटपट्टीही लावून दिली. आणखी एक: लाइट जाऊन परत आली की असे बरेच बल्ब पूर्ण उजेडात पेटतात. मध्यरात्री म्हाताऱ्या माणसाची झोप मोडते. अॅपमध्ये ‘आधी होता तसाच’ हा पर्याय असेल, तर तो पहिल्याच दिवशी निवडावा. बहुतेक स्वस्त बल्बांना 2.4 गिगाहर्ट्झचंच वायफाय लागतं, तेही आधी बघून घ्या.

दुकानांचं गणित निराळं. साडीचा खरा रंग बघायला बायका पदर घेऊन दारात येतात, कारण आतल्या उजेडात मोरपंखी आणि निळा यांतला फरक कळत नाही. उजेडाचा रंग 2700 ते 6500 केल्विनपर्यंत बदलणारा दिवा इथे उपयोगी, पण त्याहून मोलाचा आकडा सीआरआयचा. रंग किती खरे दिसतील ते त्यावरून कळतं. 80 घरात चालतो. कापडाच्या दुकानात 90 च्या खाली मी जात नाही.

सोसायटीच्या जिन्याला मात्र वायफाय कशाला? माणसाची चाहूल लागली की पेटणारा सेन्सरचा बल्ब तिथे पुरतो.