‘मोतीबिंदू पिकू दे’ म्हणणाऱ्यांसाठी एक स्कॅन

आज कोडिंग नाही, डोळा. डहाणू-तलासरीकडून ऐकणाऱ्यांच्या घरात एखादी आजी असेलच, जिला कुणीतरी सांगून ठेवलंय, “अजून पिकला नाही गं, पिकू दे.” हा सल्ला धोक्याचा का, ते एका स्कॅनवर दिसतं.

स्कॅनचं नाव ओसीटी. सोनोग्राफीत आवाज आत जाऊन परततो, इथे प्रकाश. डोळ्याला काही टेकवावं लागत नाही. काही सेकंदांत स्क्रीनवर डोळ्याचा छेद येतो, मधोमध कापलेल्या चिकूसारखा. डोळ्याच्या पुढच्या भागाचं असं चित्र 1994 मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. त्यासाठीच्या बऱ्याच मशीनमध्ये 1310 नॅनोमीटरचा प्रकाश असतो, तो डोळ्याच्या पांढऱ्या भागातूनही बराच आत पोचतो. आमच्या इंजिनिअर जमातीसाठी एवढं पुरे.

माझ्या तलासरीच्या आत्याचे ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे स्कॅन मी शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. आधीच्यात वर कॉर्नियाची कमान, खाली आयरिस म्हणजे रंगीत पडदा, आणि त्याला मागून ढकलणारं जाड भिंग. वयानुसार भिंग साडेचार-पाच मिलिमीटरपर्यंत जाड होतं. कॉर्निया आणि आयरिस जिथे भेटतात, त्या कोपऱ्यात डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची जाळी असते. कोपरा बंद झाला की पाणी तुंबतं, प्रेशर वाढतं, मागची नस मरायला लागते. हाच काचबिंदू. त्यात गेलेली नजर परत येत नाही.

पिकायची वाट बघता बघता काहींचं भिंग पाणी धरून फुगतं. मग एकदम डोळा लाल, डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या. घरचे पित्त समजून सोडा पाजतात, आणि डोळ्याचे मोलाचे तास जातात.

नंतरच्या स्कॅनमध्ये जाड भिंगाच्या जागी जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं कृत्रिम भिंग. आयरिस मागे सरकलेली, कोपरा उघडा. आत्याच्या डोळ्यात कॉर्नियामागची खोली 2.4 वरून जवळपास 4 मिलिमीटर झाली. प्रेशरही बहुतेकदा थोडं उतरतं. 2016 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘ईगल’ चाचणीत तर मोतीबिंदू नसलेल्या, पण कोपरा बंद होत असलेल्या पन्नाशीपुढच्या लोकांना लेझरपेक्षा भिंग काढण्याचा जास्त फायदा झाला.

अजून एक दिसतं. छेदापाशी कॉर्निया सुजलेला असतो, कधी आतलं अस्तर किंचित सुटलेलं. पहिले काही दिवस धुरकट दिसतं ते बऱ्याचदा यामुळे, आणि ते सहसा आपोआप भरतं. पण दुखणं वाढतंय, लाली वाढतेय, नजर कमी होतेय, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शिबिरात हे मशीन नसलं तरी अडत नाही. डॉक्टर कानाच्या बाजूने बॅटरी मारतात. आयरिसवर नाकाकडे सावली पडली तर आत जागा कमी, असा अंदाज येतो. आजीला नेलंत की एवढंच विचारा, “डॉक्टर, कोपरा उघडा आहे ना?”

पुढच्या भागात, आत बसवायच्या भिंगाचा नंबर मशीन कसा काढतं ते. भेटूया!